मुलाच्या जोडीदाराला दिवाळीची भेट : काय द्यावे, किती द्यावे आणि काय टाळावे?

मुलगा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून त्याच्या आयुष्यात एक मुलगी आहे. घरी सगळ्यांना माहीत आहे, ती एक-दोनदा येऊनही गेली आहे. लग्नाचे मात्र अजून कोणी बोललेले नाही. दिवाळी आठवड्यावर आली की अशा घरांत एक प्रश्न हमखास निघतो : तिला काही द्यायचे का? द्यायचे तर काय? साडी घेतली तर जास्त होईल का? मिठाईचा पुडा दिला तर कमी वाटेल का?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यावरून घराघरांत वाद होतात आणि त्यातून झालेले गैरसमज पुढे बरीच वर्षे राहतात. भेट फार मोठी झाली तर तिच्यावर दडपण येते, आणि काहीच दिले नाही तर ‘आपण या घराला नको आहोत’ असे तिला वाटू शकते. ही भेट निवडताना नेमके कशाचे भान ठेवायचे, ते समजून घेऊ.

हा प्रश्न इतका अवघड का होतो?

कारण मराठी सणांच्या रीतीत या नात्याला जागाच ठरलेली नाही. दिवाळीत कोणी कोणाला काय द्यायचे, हे एरवी पक्के असते. पाडव्याला पत्नी पतीला ओवाळते आणि पती ओवाळणी घालतो. भाऊबीजेला बहीण भावाला ओवाळते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयाचा दिवाळसण होतो; मुलगी आणि जावई मुलीच्या माहेरी येतात आणि जावयाला आहेर मिळतो. सुनेसाठीही प्रसंग ठरलेले आहेत : साखरपुड्याची साडी, पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने आणि काळी साडी, श्रावणातली मंगळागौर.

यांतला प्रत्येक प्रसंग साखरपुडा किंवा लग्न झाल्यावरचा आहे. लग्नाआधी चार-पाच वर्षे एकमेकांसोबत असणारी, कदाचित एकत्र राहणारी जोडी पूर्वीच्या घरांनी गृहीतच धरलेली नव्हती. त्यामुळे मुलाच्या आईवडिलांपुढे तयार उत्तर नसते. मग ते जवळचे सापडेल ते उत्तर उचलतात, म्हणजे सुनेला द्यायची वस्तू मुलाच्या मैत्रिणीला देतात. अडचण तिथूनच सुरू होते.

कोणत्या वस्तूतून काय अर्थ निघतो?

आपल्याकडे काही वस्तूंना किमतीपलीकडचा अर्थ असतो. साखरपुड्यात मुलाची आई मुलीला साडी आणि साखरेचा पुडा देते, तिची ओटी भरते. त्या साखरेच्या पुड्यावरूनच समारंभाला नाव पडले आहे. त्यामुळे मुलाच्या आईने घरी आलेल्या मुलीला हळदकुंकू लावून साडी, खण आणि नारळ दिला, तर देणाऱ्या बाईच्या मनात नुसते कौतुक असले तरी घेणाऱ्या मुलीला आणि विशेषतः तिच्या घरच्यांना त्यात होकार दिसू शकतो.

अंगठी, हिरव्या बांगड्या, जोडवी, काळे मणी गुंफलेला कोणताही दागिना यांचेही तसेच आहे. ‘नुसती फॅशन म्हणून घेतले’ असे सांगून त्यांचा अर्थ पुसता येत नाही. घराण्यात चालत आलेला दागिना तर नात्याचे पक्के होईपर्यंत कपाटातच राहिलेला बरा.

काही वस्तूंतून सूचनेचा वास येतो. कुकर, तवा, डब्यांचा सेट, पाककृतींचे पुस्तक यांतून ‘आता स्वयंपाकाला लागा’ असे ऐकू येते. गोरेपणाची क्रीम, वजन कमी करण्याचे सामान, जिमचे सदस्यत्व यांतून ‘आहेस तशी पुरेशी नाहीस’ असे ऐकू येते. देवाची मूर्ती किंवा पोथी दिली की ती घरात कुठे ठेवायची, पूजा करायची की नाही, हे प्रश्न तिच्या गळ्यात पडतात. या वस्तू वाईट नाहीत. तिने स्वतः मागितल्या तर आनंदाने द्याव्यात. न मागता दिल्या तर मात्र भेटीपेक्षा अपेक्षाच जास्त दिसते.

महागडी भेट जास्त आवडते का?

देणाऱ्याला तसे वाटते, घेणाऱ्याला वाटतेच असे नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांनी २००९ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. किंमत जास्त असेल तर समोरच्याला भेट जास्त आवडेल, अशी देणाऱ्यांची समजूत होती. घेणाऱ्यांच्या आनंदाचा मात्र किमतीशी तसा संबंध दिसला नाही. या अभ्यासात साखरपुड्याच्या अंगठ्यांचाही समावेश होता आणि तिथेही हेच आढळले.

त्याआधी १९९३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला होता. त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले, की मिळालेली वस्तू स्वतः घेतली असती तर तिच्यासाठी किती पैसे मोजले असते? उत्तरांवरून दिसले, की मूळ किमतीच्या साधारण एक दशांश ते एक तृतीयांश इतके मूल्य देण्याघेण्यात वाया जाते. जोडीदाराने किंवा मित्रांनी दिलेल्या भेटींत ही घट कमी होती, दूरच्या नातेवाइकांच्या भेटींत जास्त. कारण उघड आहे : ज्याला आपण कमी ओळखतो, त्याच्यासाठी निवडताना अंदाज चुकतो.

मुलाचे आईवडील इथे त्या दूरच्या नातेवाइकांच्या जागी असतात. मुलीशी ओळख दोन-चार भेटींची, खरेदी मात्र मोठी. दहा हजारांचा ड्रेस घेऊन तो कपाटात पडून राहण्याची शक्यता म्हणूनच जास्त.

आणखी एक निरीक्षण उपयोगी आहे. जेफ गलाक, ज्युलियन गिव्ही आणि एलानॉर विल्यम्स या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडले, की देणाऱ्याचे लक्ष भेट उघडण्याच्या क्षणावर असते, तर घेणाऱ्याचे लक्ष ती वस्तू पुढे कितपत वापरता येईल यावर. आईवडिलांना पाकीट उघडतानाचा तिचा चेहरा पाहायचा असतो. तिला मात्र ती वस्तू उद्यापासून रोज वापरायची असते. निवडताना दुसरी बाजू लक्षात घेतली तर बऱ्याच चुका टळतात.

मग खर्च किती करावा?

ठरावीक आकडा सांगता येत नाही, कारण घराघराची ऐपत वेगळी. तीन कसोट्या मात्र लावता येतात.

पहिली कसोटी परतफेडीची. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये भेटीवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तीन बंधने सांगितली : देणे, स्वीकारणे आणि परत देणे. महाराष्ट्रात हे समजायला निबंध वाचावा लागत नाही. फराळाचा डबा शेजारून आला की तो रिकामा परत करायचा नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असते. मुलीला मिळालेल्या भेटीलाही हेच लागू होते. नोकरीला लागून दोनच वर्षे झालेल्या, घरभाडे आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता भरणाऱ्या मुलीला पंधरा हजारांची भेट मिळाली, तर पुढच्या वेळी रिकाम्या हाताने कसे यायचे, या चिंतेत ती पडेल. तिला ओढाताण न करता तोलामोलाचे काही देता येईल, एवढीच भेट असावी.

दुसरी कसोटी भाचीची. तिच्याच वयाची भाची किंवा पुतणी दिवाळीला घरी आली असती तर तिला काय दिले असते? जवळपास तेवढेच या मुलीला द्यावे. त्यात माया आहे आणि हक्क सांगणे नाही.

तिसरी कसोटी घरातल्या तुलनेची. घरात थोरली सून असेल, लग्न झालेली मुलगी असेल, तर त्यांना काय मिळाले हे सगळ्यांच्या लक्षात राहते. सुनेला दीड हजाराचा कुर्ता आणि धाकट्याच्या मैत्रिणीला आठ हजारांचे घड्याळ, असे झाले तर दोघींच्या ओळखीची सुरुवातच अढीने होते, आणि त्यात नव्या मुलीचा काही दोष नसतो. सणाच्या भेटी शक्यतो एकाच पातळीवर ठेवाव्यात.

मुलाला काय विचारावे?

‘तिला काय आवडते?’ असे विचारले तर बहुतेक मुलांचे उत्तर एकच : ‘काहीही चालेल.’ त्यावरून काहीच कळत नाही. प्रश्न नेमके विचारले तर उत्तरेही नेमकी मिळतात :

– गेल्या दोन-तीन महिन्यांत तिने स्वतःसाठी हौसेने काय घेतले?
– रोज वापरातली कोणती वस्तू जुनी झाली आहे किंवा मोडली आहे?
– सुट्टीच्या दिवशी ती काय करते? वाचते, चालायला जाते, झाडे लावते, झोप काढते?
– मराठी वाचते का?
– काही खाल्ले तर त्रास होतो का? शेंगदाणे, दूध, गहू? अंडे, चामडे, रेशीम यांचे वावडे आहे का?
– ती घरच्यांसोबत राहते, मैत्रिणींसोबत राहते की वसतिगृहात? सामान ठेवायला जागा किती?
– तिच्या घरी तुझ्याबद्दल माहीत आहे का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याबद्दल पुढे पाहू.

मुलाकडून काही कळत नसेल आणि मुलीशी बोलणे होत असेल, तर तिलाच विचारण्यात गैर काही नाही. ‘अगं, दिवाळीला तुला काहीतरी घ्यायचं मनात आहे. तुझ्या उपयोगाचं असावं असं वाटतं. दोन-तीन गोष्टी सुचव, त्यातली एक आम्ही घेऊ,’ असे म्हटले की गंमतही थोडी उरते आणि अंदाजही चुकत नाही. दोन-तीन पर्याय मागितल्यामुळे तिलाही किमतीचा संकोच वाटत नाही. ती लहानमोठ्या वस्तू सांगू शकते.

ही भेट तिला घरी नेता येईल का?

मुलाच्या घरी सगळे मोकळे असले म्हणजे मुलीच्या घरीही तसेच असेल असे नाही. अनेक मुलींनी आपल्या घरी अजून काही सांगितलेले नसते. जातीचा, धर्माचा, भाषेचा किंवा नुसता वेळेचा प्रश्न असतो. अशा वेळी मोठी, डोळ्यांत भरणारी भेट तिला संकटात टाकते.

समजा, मुलाच्या आईने कौतुकाने तिच्या घरच्या पत्त्यावर फराळाचे खोके पाठवले. पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता, फोन नंबर खोक्यावर. ते खोके तिच्या वडिलांच्या हातात पडले, तर जी गोष्ट ती योग्य वेळ पाहून सांगणार होती, ती कुरिअरवाल्याने सांगितली असे होईल. म्हणून तिच्या घरी काहीही पाठवण्याआधी तिला विचारणे आवश्यक आहे.

हाच नियम फोटोंना लागू होतो. भेट देतानाचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणे किंवा स्टेटसला ठेवणे म्हणजे नाते जाहीर करणे. तो अधिकार त्या दोघांचा आहे. फोटो काढायचा असेल तरी घरातच ठेवावा.

तिच्या घरी माहीत नसेल, तर सहज हातात मावणारी, ‘मैत्रिणीने दिली’ किंवा ‘मीच घेतली’ म्हणून खपून जाणारी वस्तू बरी. तिला लपवालपवी करायला लावणे हा त्यामागचा हेतू नाही. कधी आणि काय सांगायचे हे तिच्या हातात राहावे, एवढेच.

मग नेमके द्यायचे काय?

नाते कुठवर आले आहे यावर उत्तर अवलंबून आहे.

*अजून भेट झालेली नाही किंवा एकदाच झाली आहे :* अशा वेळी खाऊ सर्वांत योग्य. घरी केलेल्या चकल्या, करंज्या, बेसनाचे लाडू, चिवडा यांचा लहान डबा मुलाच्या हाती पाठवावा. फराळ वाटून खाता येतो, संपून जातो, ठेवायला जागा लागत नाही आणि त्यातून कोणतेही वचन निघत नाही. घरचा स्टीलचा डबा मात्र देऊ नये. तो भरून परत करण्याचे ओझे होते. कागदी खोके किंवा तिनेच ठेवून घ्यायची बरणी चांगली.

*वर्ष-दोन वर्षांची ओळख आहे, येणेजाणे आहे :* इथे वस्तू द्यायला हरकत नाही, पण मापाची नको. ड्रेस, चपला, बांगड्या यांत माप चुकते आणि चुकलेले माप दोघांनाही ओशाळे करते. स्टोल, ओढणी, शाल, पिशवी, पाकीट यांना माप नसते. छत्रपती संभाजीनगरचे हिमरू विणकामाचे स्टोल, वारली चित्रांच्या वस्तू, हातमागाच्या सुती ओढण्या यांत आपल्या भागाची ओळख येते. पैठणी नेसण्याच्या साडीचा अर्थ मोठा होतो, पण पैठणी काठाची पर्स किंवा वहीचे कव्हर निर्धास्तपणे देता येते.

मराठी वाचणारी असेल तर दिवाळी अंकांचा विचार जरूर करावा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे ही परंपरा चालू आहे. तिच्या आवडीचे दोन-तीन अंक निवडून दिले तर खर्च मर्यादित राहतो, आणि पुढच्या भेटीत बोलायला विषयही मिळतो. झाडांची आवड असेल तर कुंडीतले रोप, चहा-कॉफीची आवड असेल तर चांगली पूड आणि एक मग, प्रवास खूप असेल तर चार्जर ठेवायची छोटी पिशवी अशा वस्तू रोज हाताळल्या जातात.

*दोघे एकत्र राहतात :* वेगवेगळ्या दोन भेटींऐवजी दोघांच्या घराला मिळून एक भेट देता येते. चादर, दिवा, टेबलावरचे कापड. रंग आणि आकार मात्र त्यांना विचारून. दुसऱ्याचे घर आपल्या आवडीने सजवणे हा नकळत झालेला हस्तक्षेपच असतो. कुकर, मिक्सर असे काही हवे असेल तर तेही त्या दोघांना मिळून द्यावे, एकट्या तिला नको.

*साखरपुडा झाला आहे किंवा तारीख ठरली आहे :* आता साडी, दागिना, ओटी या सगळ्यांना त्यांची जागा मिळाली. तरीही साडी तिला सोबत नेऊन घेतलेली बरी. नेसते का, कोणत्या प्रकारची नेसते, रंग कोणता, हे तिला विचारूनच ठरवावे.

पाकिटातून पैसे देणे हा सोपा मार्ग आहे, आणि ५०१ किंवा १,००१ असा वर एक रुपया ठेवून देण्याची पद्धतही सर्वांना परिचित आहे. लहान रकमेचे पाकीट आशीर्वादासारखे वाटते. मोठ्या रकमेने मात्र अवघडलेपण येते. त्यापेक्षा पुस्तकाच्या किंवा कपड्यांच्या दुकानाचे व्हाउचर बरे. फक्त त्याची मुदत आणि ते तिच्या शहरात चालते का, हे पाहून घ्यावे.

जोडीदार दुसऱ्या प्रांताची, धर्माची किंवा देशातली असेल तर?

दिवाळी तिचा सण असेल असे गृहीत धरू नये. केरळची किंवा बंगालची मुलगी दिवाळी वेगळ्या पद्धतीने साजरी करत असेल किंवा तिचा मोठा सण ओणम, दुर्गापूजा, ईद, नाताळ असेल. आपल्या सणाला आपला फराळ द्यावा आणि तिच्या सणाची तारीख लक्षात ठेवून त्या दिवशी फोन करावा. दुसरी गोष्ट फुकट आहे आणि बहुधा जास्त लक्षात राहते.

मुलगा परदेशात असेल तर भेट इथून पाठवण्यापेक्षा तिथल्याच दुकानातून मागवणे सोपे पडते. पार्सलचा खर्च अनेकदा आतल्या वस्तूपेक्षा जास्त होतो, आणि खाद्यपदार्थांबाबत प्रत्येक देशाचे सीमाशुल्क खात्याचे नियम वेगळे असतात. इथून पाठवायचेच असेल तर हलके, न फुटणारे, न नासणारे काही निवडावे. सोबत वस्तू काय आहे, कुठे बनते, कशी वापरतात, याच्या चार ओळी लिहाव्यात. आकाशकंदील पाठवला आणि तो कशासाठी असतो हे सांगितलेच नाही, तर तो एक रंगीत कागदच राहतो.

मुलाचा जोडीदार पुरुष असेल तरी वरच्या सगळ्या कसोट्या तशाच लागू होतात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा राहणार नाहीत असा निकाल दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र अशा विवाहांना मान्यता देण्यास नकार दिला. म्हणजे या जोडप्यांना साखरपुडा-लग्नाचा कायदेशीर टप्पा पुढे येत नाही. ‘लग्न झाल्यावर पाहू’ म्हणत त्यांची दिवाळी दरवर्षी कोरडी जाऊ शकते. जावयाला किंवा सुनेला जे दिले जाते त्याच्या बरोबरीची भेट त्याच्या नावाने काढून ठेवली, तर घराने त्याला मोजले आहे हे त्याला न सांगता कळते.

सोने किंवा मोठी रक्कम दिली तर कर लागतो का?

लागू शकतो, आणि इथे लग्नाआधी आणि लग्नानंतर असा स्पष्ट फरक आहे. प्राप्तिकर कायद्याने ‘नातेवाईक’ कोण याची यादी दिली आहे. त्या यादीबाहेरच्या व्यक्तीकडून एका आर्थिक वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख मिळाली, तर फक्त वरच्या रकमेवर नव्हे तर सगळ्या रकमेवर घेणाऱ्याला कर भरावा लागतो. सोने, दागिने, शेअर यांच्या बाजारभावालाही अशीच ५०,००० रुपयांची मर्यादा आहे. मुलाची मैत्रीण किंवा ठरलेली वधू ही लग्न होईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने नातेवाईक नसते. स्वतःच्या लग्नानिमित्त मिळालेल्या भेटींना सूट आहे, दिवाळीच्या भेटीला नाही.

ही मर्यादा २००६ पासून तेवढीच आहे. सोन्याने मात्र २०२५ मध्ये १० ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. त्या भावाने पाच ग्रॅमचे एक नाणेही मर्यादेला जाऊन भिडते.

लग्नानंतर सासूसासऱ्यांनी सुनेला दिलेल्या भेटीवर तिला कर लागत नाही. पण तिच्या नावे मुदत ठेव केली किंवा शेअर दिले, तर त्यावरचे व्याज किंवा लाभांश देणाऱ्या सासूच्या अथवा सासऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. कर वाचवण्यासाठी सुनेच्या नावे पैसे ठेवण्याचा मार्ग यामुळे बंद होतो.

नाते पुढे गेले नाही, तर भेट परत मागता येते का?

सर्वसाधारणपणे नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ नुसार हलवता येणारी वस्तू दिली आणि समोरच्याने स्वीकारली की भेट पूर्ण होते. देणाऱ्याचे मन बदलले म्हणून ती रद्द होत नाही. लग्न झाले असेल तर सुनेला मिळालेल्या वस्तू तिचे स्त्रीधन ठरतात. त्यावर तिचाच पूर्ण हक्क असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मधील प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे. ‘सुनेला घातलेले सोने घराचेच’ ही समजूत कायद्याला मान्य नाही.

त्यामुळे साधा नियम असा : जी वस्तू कायमची गेली तरी चुटपुट लागणार नाही, तीच द्यावी. ‘पुढे सून झाली नाही तर?’ असा विचार एखाद्या दागिन्याबाबत मनात येत असेल, तर ती भेट देण्याची वेळ अजून आलेली नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. आपण दिले म्हणून मुलीच्या घरून तेवढेच यावे, अशी अपेक्षा बोलून दाखवणे घातक आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ मध्ये लग्नाआधीच्या, लग्नातल्या आणि लग्नानंतरच्या मागणीलाही बंदी आहे. सणावाराच्या देण्याघेण्यातून अशी मागणी कधी सुरू झाली, हे अनेक घरांच्या लक्षातही येत नाही.

भेट कशी आणि कोणत्या दिवशी द्यावी?

तिला घरी बोलावणार असाल तर दिवस विचारपूर्वक निवडावा. पाडव्याला आली की घरातली एखादी मावशी हमखास म्हणते, ‘ओवाळ की त्याला!’ पाडव्याचे हे औक्षण पत्नीचे मानले जाते. सगळ्यांसमोर तिला नाहीही म्हणता येत नाही आणि होही म्हणवत नाही. नरक चतुर्दशीचा सकाळचा फराळ किंवा दिवाळीनंतरचा रविवार मोकळा असतो. पाडवाच सोयीचा असेल तर मावशीला आधीच सांगून ठेवावे.

भेट सगळ्या नातेवाइकांच्या गराड्यात देऊ नये. शक्यतो निघताना, दोघेतिघे असताना हातात द्यावी. ‘उघडून बघ ना’ असा आग्रह नको. तिला हवे तर ती उघडेल. वस्तू बदलून मिळण्यासारखी असेल तर बिल सोबत द्यावे आणि तसे सांगावे : ‘रंग नाही आवडला तर बिनधास्त बदलून घे.’ हे म्हणणे औपचारिक वाटते, पण तिला खरी मोकळीक त्यातूनच मिळते.

सोबत दोन ओळींची चिठ्ठी असावी. संबोधनात घाई नको. ती अजून ‘काका-काकू’ म्हणत असेल तर खाली ‘आई-बाबा’ अशी सही करू नये, ‘सूनबाई’ असे लिहूही नये. तिचे नाव, दिवाळीच्या शुभेच्छा आणि वस्तू का निवडली त्याचे एक वाक्य पुरते : ‘मागच्या वेळी तू म्हणाली होतीस की ऑफिसात एसीचा फार गारठा असतो, म्हणून हा स्टोल. – काका, काकू.’ तिने सहज बोललेले कोणीतरी लक्षात ठेवले, हे या एका वाक्यातून कळते.

दिल्यानंतर मात्र हिशेब ठेवू नये. पुढच्या वेळी ती स्टोल न घेता आली तर ‘आवडला नाही वाटतं’ असे विचारू नये. तिने काही आणले तर ते कितीही छोटे असो, त्याच दिवशी वापरायला काढावे. तिने आणलेल्या पणत्या त्या संध्याकाळी दारात लावल्या, किंवा मिठाई सगळ्यांसोबत लगेच खाल्ली, तर तिला वेगळे काही सांगायला उरत नाही.